अभ्यासाच्या रजेत उघडा राहिलेला वर्ग

बारावीबद्दल सगळे बोलतात ते निकालाच्या दिवशी. किती टक्के मिळाले, पुढे काय करणार, झालं. प्रिलिम संपल्यापासून बोर्डाच्या पहिल्या पेपरापर्यंतचे जे दिवस असतात, त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. माझ्या मते निकाल त्याच दिवसांत ठरतो. निदान आमच्यासारख्या, गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांतून बसने येणाऱ्या मुलांचा तरी.

2025 साली गोवा बोर्डाची बारावी 10 फेब्रुवारीला सुरू झाली. आदल्या वर्षी ती फेब्रुवारीच्या अगदी शेवटी सुरू झाली होती, त्यामुळे आमच्या हाती थेट दोन-अडीच आठवडे कमी आले. प्रिलिमचे पेपर तपासून मिळाले न मिळाले तोच अभ्यासाची रजा लागली. रजा म्हणजे शाळेत यायचं नाही, घरी बसून अभ्यास करायचा.

घरी बसून. हे म्हणायला सोपं आहे.

आमचं घर केरीच्या पलीकडे, अंजुणे धरणाच्या बाजूला. बाबा पूर्वी खाणीच्या ट्रकवर होते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी थांबल्या तेव्हा मी पाचवीचं वर्ष संपवत होते. ट्रक गेला आणि घर पुन्हा काकांबरोबरच्या सामाईक कुळागरावर, म्हणजे सुपारीच्या बागेवर आलं. जानेवारी म्हणजे सुपारीचा हंगाम. वाळलेली सुपारी खळ्यात ओतलेली असते आणि संध्याकाळी कामं आटोपली की घरातली, शेजारची सगळी माणसं कोयते घेऊन सोलायला बसतात. बोलणं, हसणं, चहा. त्यात माझी जागा ठरलेली होती, कारण माझा हात भराभर चालतो. कुणी मला ‘अभ्यास सोड आणि ये’ असं कधीच म्हटलं नाही. पण आजी सोलते आहे आणि मी आत पुस्तक घेऊन बसले आहे, हे मलाच बघवत नव्हतं. घरात दोनच खोल्या, एका खोलीत धाकटा भाऊ पाढे म्हणतोय. शिवाय हे दिवस कालोत्सवांचे. या देवळात दशावतार, त्या देवळात जत्रा, पाहुणे, रात्रभर लाऊडस्पीकर. मला काला आवडतो, लहानपणापासून मांडी घालून पुढच्या रांगेत बसून बघितलाय. पण त्या आवाजात इलेक्ट्रोस्टॅटिक्सची सूत्रं डोक्यात राहत नाहीत.

आमच्या हायर सेकंडरीतल्या बायोलॉजीच्या टीचरना हे कुणी सांगायची गरज पडली नाही. त्या स्वतः होंड्याच्या बाजूच्या. रजा लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी वर्गात विचारलं, “घरी निवांत बसायला जागा आहे असे कोण कोण?” मोजके हात वर आले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या प्रिन्सिपल सरांकडे गेल्या आणि शाळा सुटायच्या आत फळ्यावर लिहिलं होतं: तळमजल्यावरचा कोपऱ्यातला वर्ग रजेतही उघडा राहील, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, ज्यांना यायचं त्यांनी यावं, युनिफॉर्म नको.

मला आठवतं, घरी सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, “मग पास चालू ठेव गे.” कदंबाचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, विद्यार्थी पास. तो नसता तर रोजचं येणं-जाणं परवडलं नसतं.

पहिल्या दिवशी आम्ही मोजकीच होतो. नंतर पर्येची, मोर्लेची, ठाण्याची (आमच्या सत्तरीतलं ठाणे) मुलं यायला लागली आणि वर्ग भरला. जानेवारीत सत्तरीत थंडी बऱ्यापैकी असते. सकाळच्या बसच्या काचा धुक्याने ओल्या, आम्ही सगळ्या स्वेटर घालून, मांडीवर दप्तर, आणि दप्तरावर उघडी वही. कंडक्टर ओळखीचा. बाजाराच्या दिवशी बस भाजीच्या पाट्यांनी भरली की तो आम्हाला पुढे ड्रायव्हरमागच्या सीटवर सरकवायचा, “बारावीची भुरगीं (मुलं) आहेत, बसू द्या.” या एका वाक्याने त्या दिवसांत कितीतरी दारं उघडली. शाळेसमोरच्या हॉटेलात पातळभाजी-पाव मागितला की काका वाटीत आणखी एक डाव ओतायचे. वाचनालयातल्या बाई पुस्तक परत करायची तारीख उलटली तरी गप्प बसायच्या.

वर्गाचे नियम आम्हीच ठरवले. सकाळी कुणी बोलायचं नाही. जेवणापर्यंत ज्याने त्याने आपापलं वाचायचं. जेवणानंतर एकाने फळ्यावर उभं राहून एक धडा बाकीच्यांना शिकवायचा. आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पूर्ण तीन तास, मधे न उठता सोडवायच्या. शेवटचा नियम टीचरचा. त्यांचं म्हणणं होतं की आमच्या मुलांना उत्तर येत नाही असं नाही, त्यांना तीन तास बसायची आणि लिहायची सवय नसते. मी याला आज शंभर टक्के साक्ष देईन. पहिल्यांदा केमिस्ट्रीची जुनी प्रश्नपत्रिका सोडवली तेव्हा दोन तासांनंतर माझी बोटं आखडली होती आणि शेवटचे मोठे प्रश्न तसेच राहिले. रजा संपेपर्यंत तोच पेपर वेळेआधी संपायला लागला. ज्ञान तेवढंच होतं. हाताला वेग आला होता, आणि कुठला प्रश्न आधी घ्यायचा हे कळायला लागलं होतं.

पण त्या वर्गातली खरी कमाई म्हणजे दुपारचा फळा.

आम्ही बहुतेक सगळी चौथीपर्यंत गावातल्या सरकारी मराठी शाळेत शिकलेली. पाचवीपासून सगळं इंग्रजीत. वाचायला, लिहायला इंग्रजी येतं, मार्कही मिळतात, पण एखादी गोष्ट अडली की ती कुठे अडली हे इंग्रजीत सांगता येत नाही. वर्गात सर विचारतात “एनी डाउट्स?” आणि सगळे गप्प. त्या दुपारी कुणी गप्प बसत नव्हतं, कारण शिकवणारा आपल्यातलाच असायचा आणि आपल्याच बोलीत बोलायचा.

एक दुपार सांगते. बायोलॉजीत लॅक ओपेरॉन नावाचं प्रकरण आहे. जिवाणूच्या पेशीत लॅक्टोज (दुधातली साखर) पचवणारी एन्झाइम्स बनवणारे जीन असतात, पण ते कायम चालू नसतात. लॅक्टोज नसेल तेव्हा रिप्रेसर नावाचं प्रथिन ऑपरेटरवर, म्हणजे त्या जीनच्या आधीच्या डीएनएच्या तुकड्यावर, येऊन बसतं आणि पुढचं काम थांबतं. लॅक्टोज आलं की त्यापासून बनलेला रेणू (इन्ड्यूसर) रिप्रेसरला चिकटतो, रिप्रेसरचा आकार बदलतो, तो ऑपरेटरवरून सुटतो आणि जीन कामाला लागतात. हे मी पुस्तकातून कितीदा वाचलं होतं. आकृतीही तोंडपाठ होती. तरी प्रश्न जरा फिरवून विचारला की माझं उत्तर उलटं व्हायचं.

त्या दिवशी फळ्यावर पर्येची मैत्रीण होती. तिच्या घरचंही कुळागर. तिने आकृती काढलीच नाही. फळ्यावर एक सरळ पाट काढला, पाटाच्या पुढे तीन माडी, म्हणजे सुपारीची झाडं, आणि पाटाच्या तोंडाशी खडूने एक गोळा रंगवला. म्हणाली, “हे मातीचं ढेकूळ. बाबा पाट अडवतात ना, तसं. ढेकूळ आहे तोवर झाडांना पाणी नाही. आता लॅक्टोज म्हणजे काय, तर ते ढेकूळ काढणारा हात.” मग तिने गोळा बोटाने पुसला आणि पाटातून रेघ पुढे ओढली, तिन्ही झाडांपर्यंत. आणि लगेच होंड्याच्या मुलाने विचारलं, “आणि ढेकूळच मुळात फुटकं निघालं तर?” ती थांबली, विचार केला आणि म्हणाली, “मग पाणी कायम चालू. लॅक्टोज असो नसो.” हाच तो फिरवलेला प्रश्न होता: रिप्रेसरच्या जीनमध्ये बिघाड झाला तर काय होईल? पुस्तकात तो असा सरळ दिलेला नाही. आम्ही तो फळ्यावर, स्वतः विचारून सोडवला. त्यानंतर तिने इंग्रजीत उत्तर कसं लिहायचं ते सांगितलं, ऑपरेटर, रिप्रेसर, इन्ड्यूसर हे तीन शब्द आलेच पाहिजेत म्हणून त्यांच्याखाली रेघ मारायला लावली.

मागच्या बाकावर टीचर बसल्या होत्या हे आमच्या लक्षातच नव्हतं. त्यांनी मधे एक शब्द काढला नाही. जाताना फक्त म्हणाल्या, “उद्या डीएनए रेप्लिकेशन कोण घेतंय?”

रजेच्या मध्येच प्रॅक्टिकलच्या परीक्षा आल्या. त्याआधी जर्नल पूर्ण करून सह्या घेणे हा एक वेगळाच उद्योग. इंडेक्सवर तारखा, प्रत्येक प्रयोगाखाली सही, शेवटी सर्टिफिकेटच्या पानावर प्रिन्सिपलची सही आणि शिक्का. ज्यांनी वर्षभर जर्नल वेळेवर लिहिलं त्यांना हे एका सकाळीत उरकतं. बाकीच्यांना आमच्या लॅब असिस्टंट दादांनी रोज एकेकाला बसवून पूर्ण करायला लावलं, ओरडले मात्र कुणावर नाहीत.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मला ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन आलं, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून किती लागतं ते मोजायचं. यात शंकूपात्रातलं ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण, त्यात सल्फ्युरिक आम्ल घालून, आधी साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करावं लागतं. थंडच घेतलं तर सुरुवातीला परमँगनेटचा रंग जाता जात नाही, कारण अभिक्रिया फार हळू चालते. मोहर सॉल्ट आलं तर गरम करायचं नसतं, उलट गरम केलं तर नुकसान, कारण त्यातल्या लोहाचं हवेनेच ऑक्सिडीकरण व्हायला लागतं. हा फरक दादांनी आम्हाला रजेत, स्वतःचा वेळ देऊन, दोन बर्नर पेटवून दाखवला होता. परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडीत नेमकं हेच विचारलं. मी ब्युरेटची तोटी एकेक थेंब सोडत होते, पात्र हलवत होते, रंग यायचा आणि जायचा, यायचा आणि जायचा. मग एका थेंबाला फिकट गुलाबी छटा आली आणि टिकली. पांढऱ्या टाइलवर पात्र ठेवून मनातल्या मनात तीस आकडे मोजले. टिकलीच. परीक्षकांनी वाकून बघितलं, मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की आपण ही परीक्षा नीट देणार आहोत.

सेंड-ऑफ याच दिवसांत झाला. साड्या, फोटो, अकरावीच्या मुलांनी केलेली गाणी, समोसा आणि आइसक्रीम. पांढऱ्या शर्टांवर सह्या. छान झाला, पण त्याबद्दल मला फार लिहायचं नाही, तो सगळ्यांचा सारखाच असतो.

दाखल्यांबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण पुढच्या वर्षीच्या मुलांना याचा उपयोग होईल. बारावीनंतर प्रवेशाला रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा असेल तर तो, असं सगळं लागतं. आमच्या तालुक्याचं मामलेदार कार्यालय वाळपईला. निकालानंतर सगळेच एकदम तिथे जातात. टीचरनी आम्हाला जानेवारीतच सांगितलं होतं: जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार हे तिन्ही समोर ठेवा आणि नावाची स्पेलिंगं अक्षर न् अक्षर ताडून बघा. वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव. आमच्या वर्गात कितीतरी जणांच्या कागदांत फरक निघाला. कुणाच्या आडनावाचं स्पेलिंग एका ठिकाणी एक तर दुसऱ्या ठिकाणी दुसरंच. कुणाच्या आईचं माहेरचं नाव जन्मदाखल्यावर आणि सासरचं आधारवर. हे दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्र लागतं आणि वेळ लागतो. जानेवारीत कळलं म्हणून पालकांना सवडीने करता आलं. माझ्या बाबांनी सुपारी विकायला वाळपईला गेले तेव्हाच माझं काम करून टाकलं. आमच्या घरांत असे कागद बघणारं शिकलेलं माणूस प्रत्येकाकडे असतंच असं नाही, म्हणून शाळेने हे पाहणं फार मोठी गोष्ट आहे.

हॉल तिकीट मिळालं त्या दिवशी वर्गात कुणाचा अभ्यास झाला नाही. प्रत्येकाने आपला सीट नंबर दुसऱ्याला वाचून दाखवला. कोण कुणाच्या मागे, कुठला ब्लॉक. ठाण्याची मुलगी एकदम रडायला लागली. तिच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. आम्ही कुणी तिला ‘रडू नको’ म्हटलं नाही. होंड्याच्या मुलाने तिची पाण्याची बाटली भरून आणली आणि मग आम्ही सगळे मिळून फिजिक्सच्या डेरिव्हेशनची यादी करत बसलो.

पेपर सकाळी साडेनऊला. त्याआधी बसचा घोळ नको म्हणून आमच्या बाजूच्या पालकांनी मिळून एक जीप ठरवली होती. बाबा जुन्या ट्रकवाल्या ओळखीतून ती स्वस्तात मिळवून आले. पेपर सुरू असतानाच महाशिवरात्र आली, 26 फेब्रुवारीला. हरवळ्याच्या रुद्रेश्वराला त्या दिवशी केवढी गर्दी असते हे जवळच्या साखळी शहरातल्या कुणालाही विचारा. रस्ता, गाड्या, लाऊडस्पीकर. दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासासाठी मी आणि पर्येची मैत्रीण साखळीला माझ्या मावशीकडे आधीच जाऊन राहिलो होतो. मावशीने टीव्ही बंद ठेवला, दुपारी साबुदाण्याची खिचडी केली, आणि संध्याकाळी स्वतः एकटी देवाला जाऊन आमच्या नावाने बेल वाहून आली.

पेपरात लॅक ओपेरॉन आलं की नाही, हे सगळे विचारतात. मला ते महत्त्वाचं वाटत नाही. जे प्रश्न आले ते वाचताना मला घाम फुटला नाही. प्रश्न फिरवून विचारला असेल तर तो कुठून फिरवलाय हे दिसत होतं. हे मला घरी एकटीने बसून आलं नसतं. हुशार मुलांना कोचिंग लावतात, साखळी-डिचोलीला क्लास आहेत, ते चांगलेही असतील. आमच्यातल्या बहुतेकांना ते परवडत नव्हतं. आम्हाला लागलं काय, तर एक वर्ग, एक किल्ली, आठ वाजता येऊन दार उघडणारे शिपाई मामा, आणि रजा असूनही अधूनमधून येऊन मागच्या बाकावर बसणाऱ्या दोन-तीन टीचर. यासाठी शाळेला वेगळा पैसा खर्चावा लागला नाही. सरकारने प्रत्येक हायर सेकंडरीला रजेत एक वर्ग उघडा ठेवायला सांगावं असं मला मनापासून वाटतं, आणि संध्याकाळच्या बसचं वेळापत्रक त्याप्रमाणे जुळवावं, कारण पाचनंतर आतल्या गावांना जायला साधन मिळत नाही.

आमच्या त्या वर्गातली सगळी पास झाली. होंड्याचा मुलगा जीसीईटी ही गोव्याची प्रवेश परीक्षा देऊन फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गेला. पर्येची मैत्रीण बांबोळीला नर्सिंग करते. ठाण्याच्या मुलीने कॉमर्स नव्हतं तरी हिशेबाची आवड म्हणून बी. कॉम.ला प्रवेश घेतला आणि तिथे ती रमली आहे. मी साखळीच्या सरकारी महाविद्यालयात बी. एस्‌सी. करते.

यंदाही टीचरनी तो वर्ग उघडा ठेवला आहे. मी शनिवारी कॉलेजनंतर जाते आणि बायोलॉजीचे धडे ऐकते. शिकवत नाही, फळ्यावर मुलंच असतात, अडलं तर विचारतात. या मुलांची बायोलॉजी चांगली आहे, फिजिक्समध्ये ती अडतात, विशेषतः ऑप्टिक्समध्ये, आणि तिथे माझा उपयोग होत नाही. होंड्याच्या मुलाला फोन केला होता. तो म्हणाला, फर्मागुडीहून रविवारी येतो, मग वर्ग रविवारी उघडेल का ते विचार. शिपाई मामांना विचारलं. ते म्हणाले, “किल्ली माझ्याकडेच असते, नऊला येतो.”